तिळाला काटा फुटतो तेव्हा

काटेरी हलव्याचा एक दाणा तळहातावर घ्या आणि भिंगातून बघा. पोटात तीळ आहे, पण तो कुठेच दिसत नाही. दिसतात ते चहूबाजूंनी उभे राहिलेले पांढरेशुभ्र, बोथट टोकांचे काटे. एक काटा दुसऱ्यासारखा नाही, तरी सगळा दाणा मिळून गोल गरगरीत. हा साच्यातून काढलेला नाही आणि कोणी कोरलेलाही नाही. करणारीने चमचा चमचा पाक घातला, दाणे बोटांनी फिरवले, बस. काटे आपले आपण आले.

तोंडात टाकला की हा दाणा मिनिटाभरात विरघळतो. घडायला मात्र त्याला दोन-तीन दिवस लागलेले असतात. एवढ्याशा दाण्यासाठी एवढा वेळ का लागतो, आणि गोल तिळावर काटे येतात तरी कुठून, हे कळलं तेव्हापासून संक्रांतीच्या ताटाकडे बघायची माझी नजरच बदलली आहे.

आमच्या घरी हलवा सासूबाई करतात. पौषातली थंडी चांगली पडली, आकाश निरभ्र असलं की तीळ निवडायला बसतात. ढगाळ हवेत हलव्याला हात लावत नाहीत. म्हणतात, ‘काटा धरणार नाही.’ तीळ किंचित भाजून घ्यायचे. साखर बुडेल इतपत पाणी घालून पाक उकळायला ठेवायचा. उकळी आली की त्यात चमचाभर दूध. पाहता पाहता करडा फेस वर जमतो. ती मळी. दुधातली प्रथिनं उष्णतेने साकळतात आणि साखरेतला बारीक मळ आपल्यात अडकवून वर घेऊन येतात. मळी काढून पाक फडक्यातून गाळला की काचेसारखा नितळ होतो.

पूर्वी शेगडीत निखाऱ्यांवर राख पसरून त्यावर परात ठेवत. आता गॅसवर जाड तवा, त्यावर परात आणि आंच अगदी मंद. परातीत मूठभर तीळ. त्यावर एक चमचा पाक. मग बोटांच्या टोकांनी, दाणे नुसते जागचे हलतील इतक्या हलक्या हाताने, फिरवत राहायचं. ओले दाणे आधी एकमेकांना चिकटतात, मग सुटतात, मग परातीत खुळखुळ वाजू लागतात. वाजले की पुढचा चमचा. असं तासन् तास चालतं. रात्री झाकून ठेवायचं, सकाळी पुन्हा सुरू. पहिल्या दिवशी तीळ नुसता पांढुरका दिसतो. दुसऱ्या दिवशी अंगावर खडबड येते आणि त्यानंतर कधीतरी काटा दिसायला लागतो.

माझी धाकटी पाटावर बसून हे सगळं बघत असते. परात तापलेली असल्यामुळे तिला हात लावायची मनाई. तिचा प्रश्न ठरलेला, ‘आजी, काटे कोण लावतं?’ आणि आजीचं उत्तरही ठरलेलं, ‘कोणी नाही गं. घाई केली नाही की येतात.’

या उत्तरात पुष्कळसं रसायनशास्त्र आलं.

साखर पाण्यात किती विरघळते, ते पाणी किती गरम आहे यावर ठरतं. साध्या खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर मावते. तेच पाणी उकळत्या तापमानाला नेलं, तर साडेचारशे ग्रॅमहून जास्त साखर सामावून घेतं. गरम पाकाचा चमचा परातीत पडतो, शेकडो दाण्यांवर पसरतो आणि प्रत्येक दाण्यावर त्याचा पातळ थर बसतो. या थरातलं पाणी कोरड्या हवेत उडू लागतं. उरलेल्या पाण्यात साखर मावेनाशी होते. तिला बाहेर पडायला जागा हवी असते आणि सगळ्यात सोयीची जागा म्हणजे आधीच्या थरातल्या साखरेचे स्फटिक. साखरेचे रेणू त्या जुन्या स्फटिकांवर रांगेने बसत जातात. थरावर थर चढतो.

घाई केली की हेच बिघडतं. आंच मोठी झाली तर पाणी इतकं झटकन उडतं की साखरेला दाण्यावर बसायला उसंत मिळत नाही. ती भुरभुरीत पूड होऊन परातीत पडते. पाक एकदम जास्त घातला तर दाण्यांच्या गाठी होतात. हवा दमट असली तर थर वाळत नाही. म्हणजे हलव्याला मंद आंच, थोडा पाक आणि कोरडी थंड हवा, तिन्ही एकाच वेळी लागतात. महाराष्ट्रात अशी हवा जानेवारीत असते, आणि सणही नेमका जानेवारीत येतो. पिढ्यान् पिढ्या परातीपुढे बसलेल्या बायांनी हवेचं हे निरीक्षण बोटांच्या टोकांवर जपलं आहे.

आता काटे. पाकाचा थर कधीच सगळीकडे सारखा बसत नाही. कुठे तो केसभर जाड असतो, तिथे सूक्ष्म उंचवटा तयार होतो. दाणा परातीत लोळतो तेव्हा तळाला आधी टेकतो तो उंचवटाच. नव्या पाकात आधी तोच भिजतो, तापलेल्या धातूला लागून आधी तोच वाळतो. त्यामुळे पुढच्या थरात त्याच्या वाट्याला शेजारच्या खळग्यापेक्षा थोडी जास्त साखर येते. तो आणखी उंच होतो, म्हणून त्यापुढच्या थरात आणखी जास्त. खळगे मागे राहत जातात, उंचवटे पुढे. सुरुवातीचा फरक डोळ्यांना दिसणारही नाही इतका असतो; शेकडो चमच्यांनंतर त्याचाच काटा झालेला असतो. बोटं हलकी ठेवायची ती यासाठी. जोरात चोळलं की कोवळे काटे झडतात आणि दाणा गुळगुळीत राहतो.

आपल्या हलव्याचं जुळं भावंड शोभेल अशी एक मिठाई जपानमध्ये आहे. तिचं नाव कोनपेतो. तीही साखरेची, तीही काटेरी. तिची जपानमधली गोष्ट पोर्तुगिजांपासून सुरू होते. १५६९ साली लुईस फ्रोइस या जेझुइट धर्मप्रसारकाने क्योतो इथे ओदा नोबुनागा या सत्ताधीशाला काचेच्या बाटलीतून ही साखरमिठाई भेट दिली. हा फ्रोइस जपानला जाण्याआधी गोव्यात राहिलेला होता. पुढे जपानी कारागिरांना ही मिठाई स्वतः करायची होती, पण काटे येतात कसे हे काही केल्या उमगेना. इहारा साइकाकू या लेखकाच्या १६८८ मधल्या एका पुस्तकात हे कोडं सुटल्याची कथा आहे. कोड्याचं उत्तर होतं तीळ. तीळ पोटात ठेवून वर पाक चढवत गेलं की काटे येतात. आज कोनपेतोचे कारागीर तिळाऐवजी बहुधा साखरेचाच जाड कण घेतात. तापलेल्या, तिरप्या, फिरत्या कढईत पाक शिंपडत ते सुमारे दोन आठवडे दाणे घडवतात.

या मिठाईने एका मोठ्या पदार्थवैज्ञानिकालाही विचारात पाडलं होतं. तोराहिको तेरादा टोकियोत प्राध्यापक होते आणि उत्तम निबंधकारही. त्यांना पडलेला प्रश्न आमच्या धाकटीच्या प्रश्नाहून फार वेगळा नव्हता. दाणा सगळ्या बाजूंनी सारखाच फिरतो, पाकही सगळीकडे सारखाच मिळतो. मग तो गुळगुळीत गोळा का होत नाही, काटे का येतात? त्यांचे विद्यार्थी उकिचिरो नाकाया यांनी पुढे होक्काइदोच्या थंडीत १९३६ साली प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. तो त्यांनी सशाच्या केसावर वाढवला. स्फटिकाला वाढायला काहीतरी आधार लागतो: तिकडे सशाचा केस, इकडे तीळ. हिमस्फटिकाला फांद्या फुटतात त्यातही पुढे आलेल्या टोकाला जास्त मिळतं आणि ते आणखी पुढे जातं. आभाळातलं हिम आणि आपल्या परातीतली साखर इतक्या जवळची असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

हा हलवा मग जातो कुठे? थोडा तिळगुळात, थोडा सुगडात गाजर, ऊस, बोरं, हरभरे आणि गव्हाच्या ओंब्यांसोबत. आणि उरलेल्याचे होतात दागिने. नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर हलव्याचा हार, बांगड्या, मंगळसूत्र. लहान बाळाला काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, हातात हलव्याने मढवलेली बासरी. एरवी सणासुदीला काळा रंग आपण टाळतो, पण संक्रांतीला तोच मानाचा. काळं कापड ऊन शोषून घेतं, थंडीत ऊब देतं आणि त्यावर पांढरा हलवा असा काही खुलतो की बघत राहावं.

मग बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही, बाळ पाच वर्षांचं होईस्तोवर, दिवस ठरवायचा आणि आळीतली पोरं गोळा करायची. बाळाला पाटावर बसवून औक्षण करायचं. मग चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, रेवड्या, हलवा असं सगळं एकत्र करून डोक्यावरून अलगद ओतायचं. पहिलं बोरन्हाण बाळकृष्णाला घातलं, असं आजी सांगतात. त्या माळेत आपलंही बाळ बसलं, या भावनेने आईचे डोळे भरून येतात. त्या दुपारी घरातलं प्रत्येक माणूस त्या बाळासाठी काहीतरी मागत असतं: ऋतू बदलतोय, याला बाधू नये, जे शेतात पिकलं ते याला लाभावं. ही प्रार्थना मंत्रांत नसते, ती ओंजळीतून ओतली जाते. (एवढं मात्र सांभाळा: बोराची बी, शेंगदाणे, हरभरे आणि कडक हलवा तान्ह्याच्या तोंडात जाऊ देऊ नका, घशात अडकतात. अगदी लहान बाळावर नुसते चुरमुरे ओतले तरी बोरन्हाण होतं.)

ज्या सूर्यासाठी हे सगळं, तोही असाच हळूहळू सरकत असतो. संक्रांत १४ जानेवारीला, कधी १५ला, हे आपण गृहीत धरतो. पण स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. दीडशे वर्षांत सण दोनेक दिवस पुढे आला. कारण असं: आपलं पंचांग सूर्याचा मकर राशीतला प्रवेश ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतं, आणि इंग्रजी तारखा ऋतूंच्या संदर्भाने चालतात. पृथ्वीचा आस अतिशय सावकाश डोलतो, त्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भातलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं भरतं. दरवर्षी २० मिनिटं म्हणजे सुमारे ७० वर्षांत एक दिवस, एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात एक तारीख. दिवस मोठा व्हायला २१-२२ डिसेंबरनंतरच सुरुवात होते. साधारण १७०० वर्षांपूर्वी ही घटना आणि मकरसंक्रांत एकाच सुमारास येत. वीस मिनिटं कोणाच्या खिजगणतीत नसतात. ती साठत गेली आणि सण जवळपास चोवीस दिवस पुढे आला.

थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा. तिळाला काटा याच न्यायाने येतो आणि सणाची तारीखही याच न्यायाने सरकते. मला वाटतं, घरातली श्रद्धाही अशीच बसते. ती मुलांना एका दिवसात शिकवता येत नाही. संध्याकाळी देवाजवळ दिवा, जेवणाआधी जोडलेले हात, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर्षातून एकदा बोरन्हाण: एकेक पातळ थर, आणि मधे वाळायला वेळ.

यातली एक गोष्ट मला दरवर्षी नव्याने थक्क करते. ज्या बाळासाठी आपण दिवस दिवस हलवा घडवतो, दागिने ओवतो, त्याला यातलं काहीच आठवणार नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांतलं माणसाच्या स्मरणात सहसा राहतच नाही. लक्षात राहतं ते भोवती बसलेल्या पाच-सात वर्षांच्या पोरांना. ओंजळ रिती होताच ती चटईवर झेप घेतात, चुरमुऱ्यांतून बोरं वेचतात, कोणाला हलवा जास्त मिळाला यावरून भांडतात. वीस-पंचवीस वर्षांनी आपल्या लेकराला पाटावर बसवायची आठवण यांनाच होणार आहे. एका बाळाचं बोरन्हाण शेजारच्या मुलाच्या आठवणीतून पुढच्या पिढीत जातं. म्हणून बोलावताना हात आखडता घेऊ नका. पोरं जितकी जास्त तितकं बरं.

आणि येत्या पौषात वाटीभर तिळांचा का होईना, हलवा घरी करून बघा. मुलांना परातीपासून हातभर लांब, पण दिसेल असं बसवा. दर काही तासांनी एक दाणा बाजूला काढून कागदावर ओळीने ठेवायला सांगा. तीन दिवसांनी त्या ओळीत गुळगुळीत तिळापासून काट्यापर्यंतचा सगळा प्रवास मांडलेला असेल. ‘काटे कोण लावतं’ याचं उत्तर मग मुलंच तुम्हाला सांगतील.