मोठेपणी पडलेला प्रश्न: मी ऑटिस्टिक तर नाही ना?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

मी अलिबागजवळच्या गावातला. बीटेक झालं, आता सॉफ्टवेअरचं काम, बरंचसं घरून. ऑफिसला जायचं असलं की मांडव्याहून बोट. कोड लिहीत आठ तास बसेन, पण मीटिंगनंतर चहाला सगळ्यांसोबत दहा मिनिटं उभा राहिलो की गळून जातो. समोरचा गंमत करतोय की चिडलाय, हे मला मनात हिशेब करून ओळखावं लागतं. मागच्या वर्षी एक रील बघितली आणि प्रश्न पडला: मी ऑटिस्टिक तर नाही ना?

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा ताप-खोकल्यासारखा आजार नाही. मेंदूच्या वाढीतला, लहानपणापासूनचा फरक आहे. निदान करताना दोन गट बघतात. पहिला, लोकांशी संवाद: गप्पांची देवाणघेवाण, नजर आणि हावभाव, नाती जुळवणं आणि टिकवणं. दुसऱ्यात चार प्रकार: त्याच त्या हालचाली, ठरलेल्या क्रमाचा हट्ट, एखाद्याच विषयाचं खोल वेड, आणि आवाज-उजेड-स्पर्श फार जास्त किंवा फार कमी जाणवणं. यातले किमान दोन लागतात. शिवाय त्यामुळे रोजच्या जगण्यात खरोखर अडचण यायला हवी. नुसतं 'मला एकटं आवडतं' एवढ्यावर निदान होत नाही.

मग लहानपणी कळलं कसं नाही? लिओ कॅनर यांनी १९४३ साली मुलांमधल्या ऑटिझमचं वर्णन केलं. पुढे बरीच वर्षं 'न बोलणारं मूल' हेच चित्र लोकांच्या डोक्यात राहिलं. अ‍ॅस्पर्गर वगैरे वेगवेगळी नावं अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत २०१३ साली एकाच 'स्पेक्ट्रम'खाली आली. त्यात बोलणारी, मार्क मिळवणारी मुलं इतरांचं बघून बघून वागणं शिकतात. याला मास्किंग म्हणतात. मुलींमध्ये तर यामुळे बऱ्याचदा निसटतं.

पण घाई नको. सोशल अँग्झायटी, एडीएचडी, ओसीडी, डिप्रेशन यांची लक्षणं वरून सारखी दिसू शकतात, आणि दोन गोष्टी एकत्रही असतात. ऑनलाइन मिळणारी ५० प्रश्नांची 'एक्यू' चाचणी केंब्रिजच्या संशोधकांनी २००१ साली मांडली. ती फक्त चाळणी आहे, निदान नाही. निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. फोनवर आधीच विचारा, 'मोठ्यांचं मूल्यमापन करता का?' कारण बरेच जण फक्त मुलांचं करतात.

तिथे लहानपणाची माहिती विचारतात. म्हणून मी आईला विचारलं.

"अरे, गणपतीत आरती सुरू झाली की तू कानावर हात ठेवून माडीवर पळायचास. भाताला आमटी लागली की जेवण बंद. आम्ही म्हणायचो, पोरगा हट्टी आहे." मग हळूच म्हणाली, "पण हे कुठे बोलू नकोस हां. तुझ्या लग्नाचं बघतोय."

मी म्हटलं, "आई, माझं गप्प बसणं उद्या तिला राग वाटू नये, म्हणूनच कळायला हवं."

ती काही बोलली नाही. आठवड्याने कपाटातून माझी जुनी प्रगतिपुस्तकं काढून टेबलावर ठेवली. दुसरीच्या पुस्तकात बाईंचा शेरा: 'अभ्यासात हुशार, मुलांत मिसळत नाही.'

एक कायद्याचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. आरक्षणासारख्या सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. पण स्वतःला समजून घ्यायला प्रमाणपत्र लागत नाही. हेडफोन लावणं, मीटिंगचे मुद्दे आधी लेखी मागणं, हे आजपासून करता येतं. मन फार जड झालं असेल, तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे. उत्तर 'हो' येईल की 'नाही', माहीत नाही. आई म्हणाली, "मी पण येते बोटीने."

काय झालं ते सांगेनच. ऐकत राहा, वाचत राहा!