उद्योजक मेळाव्याला जाताना किलोचा हिशेब सोबत न्यावा

दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, दुकाने लागतात, रात्री नाटक होते. अलीकडे जिल्ह्याच्या ठिकाणी आणखी एक मंडई भरू लागली आहे, ती म्हणजे उद्योजक मेळावा. नवे उद्योग अर्थात स्टार्टअप काढणारे तरुण, लघुउद्योजक, महिला बचत गट, वेष्टनाची चित्रे व छायाचित्रे करणारे कलावंत, बँक अधिकारी आणि व्यापारी येथे एकत्र येतात. १५ ऑगस्ट २०२२ रोजी सुरू झालेल्या महाराष्ट्र स्टार्टअप आणि नाविन्यता यात्रेतही जिल्हा पातळीवर प्रशिक्षण आणि कल्पनांचे सादरीकरण ठेवण्यात आले होते.

अशा मेळाव्यात शेतकऱ्याचे काय काम, असा प्रश्न काही बांधव विचारतात. सुवासिक तांदूळ, शिंगाड्याचे पीठ, मोहफुलाचे पदार्थ, लाख हा सर्व गोंदिया जिल्ह्याचा माल आहे. तो कच्चा विकला तर प्रक्रियेचा नफा दुसरीकडे जातो. म्हणून शेतकऱ्याने मेळाव्याला अवश्य जावे. मात्र तयारीने जावे.

नमुना उत्तम, उत्तर नाही

अशाच एका मेळाव्यात एका शेतकरी बंधूने आणलेला तांदूळ पाहून नागपूरच्या व्यापाऱ्याने भाव विचारला. बंधू माझ्याकडे पाहू लागले. त्यांना लागवडीची सर्व माहिती मी दिली होती, पण किलोचा खर्च काढायला कधी सांगितले नव्हते. "ऐंशीने देतो," असे ते अंदाजाने बोलून गेले. घरी येऊन आम्ही हिशेब मांडला तेव्हा चूक लक्षात आली.

हिशेब कसा करावा

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. समजा, १ क्विंटल सुवासिक धानापासून ५० किलो अखंड तांदूळ आणि १५ किलो कणी मिळाली.

१) धानाची बाजारातील किंमत : ३,५०० रु.
२) वाळवण, गिरणीपर्यंत वाहतूक व भरडाई : ३०० रु.
३) एक किलोच्या ५० छापील पिशव्या : ४०० रु.
४) ग्राहकापर्यंत वाहतूक व घट : ३०० रु.
५) निवडणे व भरणे, घरची मजुरी : २५० रु.

एकूण खर्च ४,७५० रु. त्यातून कणीचे ३०० रु. वजा केल्यास ४,४५० रु. उरतात. त्यास ५० ने भागले असता किलोचा खर्च ८९ रु. येतो. म्हणजे ८० रुपयांना विकल्यास किलोमागे ९ रु. आणि टनामागे ९,००० रु. तोटा होय.

बंधूंनी मनात ३,५०० भागिले ६५ असा हिशेब केला होता. त्यामुळे खर्च ५४ रुपये आणि नफा २६ रुपये वाटला. कणीला तांदळाचा भाव धरला, पिशवी विसरली आणि घरची मजुरी फुकट धरली. या तीन चुका सर्वत्र आढळतात. शिंगाड्याच्या पिठातही सोलणे व वाळवणे यांत वजन किती घटते ते आधी मोजावे.

मेळाव्यात कोणाला काय विचारावे

व्यापाऱ्यास : दर महिन्याला किती माल लागेल, पैसे किती दिवसांत मिळतील, न विकलेला माल परत येईल काय? उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू असून ती विनामूल्य आहे. नोंदणी झालेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. म्हणून व्यवहार लेखी व पावतीनेच करावा.

बँकेस : हप्ता केव्हापासून सुरू होईल, तारण काय लागेल? २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवण्यात आले. परंतु ते कर्जखात्याशी जोडलेले असते, रोख हातात पडत नाही. योजनांच्या मुदती व अटी बदलतात, म्हणून चालू स्थिती कृषी कार्यालयातून जाणून घ्यावी.

कलावंतास : वेष्टनावर निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादनाचा महिना, पत्ता आणि अन्न परवाना क्रमांक यांना जागा ठेवली आहे काय? चित्र सुंदर आणि वजन गायब असे वेष्टन निरुपयोगी ठरते. शेजारच्या बालाघाट चिन्नोर तांदळास भौगोलिक मानांकन आहे. असे मानांकित नाव छापण्यापूर्वी आपले गाव त्या क्षेत्रात येते काय आणि आपली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाली आहे काय, हे तपासावे.

हे टाळावे

मेळाव्याच्या उत्साहात त्याच दिवशी यंत्राची आगाऊ रक्कम देऊ नये. प्रथम गावच्या गिरणीतून १ क्विंटल भरडून ५० पिशव्या विकून पाहाव्यात. तेच ग्राहक दुसऱ्यांदा मागणी करतात काय, ते वहीत नोंदवावे. मागणी टिकल्यावरच गटाने मिळून यंत्राचा विचार करावा.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, पुढच्या मेळाव्याला जाताना पिशवीत मालाचा नमुना आणि खिशात किलोच्या खर्चाचा कागद असू द्यावा. भाव विचारला गेला की कागद पाहून बोलावे. हिशेब मांडताना अडचण आल्यास नजीकच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.