कथानक अचूक लिहिलं, तरी निबंधाला गुण कमी का?

बीए-एमएला साहित्याच्या निबंधात पानंच्या पानं भरूनही गुण कमी पडतात. अनेकदा कारण एकच : कथानक असतं, दावा नसतो.

उदाहरणार्थ, भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३). पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो आणि गावी परततो, हा सारांश. 'पांडुरंगचं तुटलेपण घटनांपेक्षा त्याच्या निवेदनातून जास्त कळतं', हा दावा.

मग लिहायचं कसं?

• दावा पहिल्याच परिच्छेदात मांडा.

• प्रत्येक परिच्छेदात एक पुरावा द्या, जसं डायरीच्या नोंदी. त्यातून दावा कसा सिद्ध होतो, तेही सांगा.

• विरोधी मत टाळू नका. बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची घटनाच जास्त बोलते, असं कुणी म्हटलं तर? उत्तर द्या.

सोपी चाचणी : तुमचं वाक्य कुणालाच खोडता येणार नसेल, तर तो बहुधा सारांशच आहे.