नाविक अधिकाऱ्यांची फ्रीमेसन पदचिन्हे

पनवेल तालुक्यातील नावडे हे ग्रामनाम कानी पडताच होडीवाचक ‘नाव’ हा शब्द कोणासही आठवेल. परंतु केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरविता येत नाही. त्यासाठी जुने लेख व नोंदी पाहाव्या लागतात. जुन्या वस्तूंच्या संग्राहकासही हाच नियम लागू पडतो. पूर्वी नाविक अधिकाऱ्यांच्या मालकीची असलेली फ्रीमेसन पदचिन्हे हे त्याचे बोधप्रद उदाहरण होय.

फ्रीमेसन ही बंधुसंस्था आपली प्रतीके गवंडीकामातून घेते. तिच्या सभासदांनी धारण करावयाच्या धातूच्या चिन्हांस इंग्रजीत ‘ज्यूएल’ म्हणतात. त्यांत रत्न असतेच असे नाही. लॉजच्या प्रमुखाचे चिन्ह गुण्या, दोघा वॉर्डनांची पाणसळ व ओळंबा, खजिनदाराचे किल्ल्या आणि चिटणिसाचे लेखण्या. एकोणिसाव्या शतकात मुंबईस ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचे ठाणे होते, तशीच फ्रीमेसनांची लॉजेही होती. त्यामुळे नाविकांची पदचिन्हे येथे शोधणे स्वाभाविक आहे.

मात्र ह्या शोधात दोन खुणा हमखास फसवितात. पहिली नांगराची. चांदीच्या चिन्हामागे बारीक नांगर दिसला, की तो दर्यावर्दी मालकाचा असे वाटते. वस्तुतः १७७३ पासून नांगर ही बर्मिंगहॅम येथील धातुपरीक्षा कचेरीची मोहर आहे. दुसरी खूण ‘रॉयल आर्क मरिनर’ ह्या नावाची. ‘मरिनर’ म्हणजे खलाशी खरा. पण ही फ्रीमेसनांची एक पदवी असून तिचा आधार नोहाच्या तारवाची कथा हा आहे. ती धारण करणारा समुद्रावर गेलेला असलाच पाहिजे असे नाही.

कोरलेली अक्षरे अधिक विश्वसनीय. पण तीही संदर्भावाचून मुकी असतात. नावापुढील ‘आय. एन.’ ही अक्षरे ‘इंडियन नेव्ही’ दर्शवितात. कंपनीच्या आरमारास हे नाव १८३० मध्ये मिळाले व १८६३ मध्ये ते आरमार मोडण्यात आले. पुढे १९५० पासून प्रजासत्ताक भारताच्या नौदलास तेच नाव लाभले. एकाच संक्षेपाचे हे दोन अर्थ शतकाच्या अंतरावर आहेत. त्यांतील योग्य तो निवडण्यास मोहरेतील वर्षदर्शक अक्षर साहाय्य करते. लॉजचा क्रमांकही उपयोगी पडतो. कारण इंग्लंडच्या ग्रँड लॉजने आपल्या लॉजांचे क्रमांक १८३२ व १८६३ मध्ये बदलले होते.

सारांश, वस्तू, कोरीव लेख, लॉजचे दप्तर आणि नौदलाची अधिकारी-यादी ह्या चौघांची साक्ष जुळेल तेव्हाच मालकाचे नाव निश्चित मानावे. चिन्ह घासून लखलखीत करण्याचा मोह टाळावा. त्याने उथळ अक्षरे झिजून पुरावाच नष्ट होतो. नौदलाशी संबंध जोडल्याने वस्तूचे मोल वाढत असेल. परंतु चुकीचे नाव एकदा नोंदले गेले, की खऱ्या मालकाची उरलीसुरली स्मृतीही पुसली जाते. अशा वेळी नुसते ‘फ्रीमेसन पदचिन्ह’ एवढीच नोंद करणे हेच शास्त्रीय होय.