दोन महिन्यांचा गणवेश

६ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. प्रादेशिक सेनेच्या १९४८ च्या नियमावलीतल्या ३३ व्या नियमाच्या आधारे लष्करप्रमुखांना अधिकार मिळाला, की गरज पडेल तेव्हा या सेनेतल्या कुठल्याही अधिकाऱ्याला, कुठल्याही जवानाला बोलावून घ्यावं. ३२ पायदळ बटालियनपैकी १४ बटालियन प्रत्यक्ष सेवेत घेण्याचंही त्यात होतं आणि मुदत होती ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंतची. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत ही बातमी आली आणि देशभर अभिमानाने वाचली गेली. अभिमान वाटावा अशीच ती होती. पण मुदतीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. प्रादेशिक सेनेची मूळ अट अशी, की माणूस आधी पोटापाण्याला लागलेला हवा. नोकरी, धंदा, शेती, वकिली, काहीही चालेल. त्याने वर्षातून साधारण दोन महिने प्रशिक्षण घ्यायचं आणि पुन्हा आपल्या कामावर हजर व्हायचं. अशा माणसाला वर्ष-दोन वर्षं सीमेवर ठेवायची वेळ आली, तर तोवर त्याची जागा कोण राखणार? अर्धवेळ सैनिक टिकतो की गळतो, हे बहुतेक वेळा याच प्रश्नावर ठरतं, आणि आपल्या कायद्यात या प्रश्नाचं उत्तर फार तोकडं आहे.

प्रादेशिक सेना (टेरिटोरियल आर्मी, टीए) म्हटलं, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मानद लेफ्टनंट कर्नल महेंद्रसिंह धोनी येतो. त्यापलीकडची ओळख अगदी जुजबी. १९४८ च्या कायद्याने ही सेना उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं रीतसर उद्घाटन झालं. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत तिच्या तुकड्यांनी काम केलं; पुढे जम्मू-काश्मीर आणि ईशान्येतही केलं. रेल्वे आणि तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांमधून उभ्या केलेल्या विभागीय तुकड्या वेगळ्या, पायदळाच्या वेगळ्या, माजी सैनिकांना घेऊन झाडं लावणाऱ्या पर्यावरण बटालियन आणखी वेगळ्या. पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९ या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या टीए बटालियन. मराठवाड्याच्या उजाड टेकड्यांवर काम करणारी १३६ ही महार रेजिमेंटची पर्यावरण बटालियन. म्हणजे हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. आपल्याच गावातल्या दुकानात, बँकेत किंवा साखर कारखान्यात काम करणारा एखादा माणूस त्यात असू शकतो.

पूर्णवेळ सैनिकापेक्षा या माणसाची ओढाताण निराळी असते. लुइस कोझर या समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये अशा संस्थांचा अभ्यास मांडला, ज्या माणसाकडून थोडंथोडकं मागत नाहीत, सगळंच मागतात. १९८६ मध्ये मेडी सीगल यांनी ती कल्पना पुढे नेली आणि सैन्य आणि कुटुंब या अशाच दोन संस्था आहेत, हे दाखवलं. अर्धवेळ सैनिकाच्या बाबतीत तिसरी येते, ती म्हणजे त्याची नोकरी. पूर्णवेळ सैनिकाला सैन्यच पगार देतं, घर देतं, मुलांची शाळाही पाहतं. याला मात्र गणवेश चढवताना कुणाची तरी परवानगी लागते आणि उतरवल्यावर कुणाच्या तरी नाराजीला तोंड द्यावं लागतं. वार्षिक प्रशिक्षणाच्या कॅम्पहून परतल्यावर बढतीच्या यादीतून आपलं नाव गळालेलं दिसलं, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळलेलं दिसलं, घरी दोन महिने एकटीने सगळं ओढलेल्या बायकोचा थकवा दिसला, की पुढच्या वर्षीचं उत्तर तिथेच ठरून जातं. कमांडिंग ऑफिसरच्या कानावर ते फार उशिरा येतं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४८ च्या कायद्यात ७-अ हे कलम आहे. लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या कर्मचाऱ्याला रजा देणं आणि सेवा संपल्यावर, नोकरीत खंड पडला नसता तर लागू असत्या त्यांपेक्षा कमी दर्जाच्या नसलेल्या अटींवर पुन्हा कामावर घेणं, हे मालकाचं कर्तव्य आहे, असं ते सांगतं. माणूस हजर होण्याआधीच त्याला काढून टाकून जबाबदारी झटकू पाहणाऱ्या मालकालाही कायद्याने पकडलं आहे. हेतू चांगला आहे, शब्दही चांगले आहेत. पण मालक ऐकत नसेल तर पुढे काय? मूळ तरतुदीनुसार दंड १ हजार रुपयांपर्यंत आणि कर्मचाऱ्याला सहा महिन्यांच्या पगाराएवढी भरपाई. घराचा हप्ता चालू असलेल्या, मुलगी दहावीला असलेल्या माणसाला हा आधार पुरेल का? सरकारी नोकराला निदान नियमांचं पाठबळ असतं. खासगी कंपनीतल्या मॅनेजरने वर्षभराची रजा मागितली, तर त्याला कायद्याची भाषा बोलावी लागते, आणि ती बोललेला कर्मचारी साहेबांच्या मनातून उतरतो.

मनोबल कशाने जातं, याचा एक स्पष्ट धडा ब्रिटनमध्ये मिळालेला आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथल्या सरकारने सुमारे २ कोटी पौंड वाचवण्यासाठी टेरिटोरियल आर्मीचं नेहमीचं प्रशिक्षण सहा महिने थांबवायचं ठरवलं. अफगाणिस्तानला निघालेल्यांचं प्रशिक्षण चालूच राहील, असा खुलासाही केला. हिशोबाच्या कागदावर ते सोपं दिसत होतं. पण माजी अधिकारी, विरोधी पक्ष, खुद्द सत्ताधारी खासदार उठले आणि त्याच महिन्यात निर्णय मागे घ्यावा लागला. ओरड पैशांपुरती नव्हती. दिवसभराचं काम आटोपून संध्याकाळी कवायतीला जाणारा माणूस तिथे भत्त्यापेक्षाही सोबत्यांसाठी आणि आपला उपयोग होतोय या खात्रीसाठी जातो. ती संध्याकाळ काढून घेतली, की हळूहळू माणूसही जातो. आपल्याकडच्या वार्षिक कॅम्पलाही हेच लागू आहे. दोन महिन्यांत नवं काही शिकायला मिळालं, खरी जबाबदारी मिळाली, तर माणूस घरची नाराजी सोसूनही पुन्हा येतो. रांगेत उभं राहण्यात आणि सफाईच्या पाळ्यांत ते दिवस गेले, तर इतक्या खटाटोपाने मिळवलेली रजा फुकट गेली, असं त्याला वाटणारच.

माणसं गळतील या चिंतेवर पहिला आक्षेप ठरलेला आहे: भारतात माणसांची वानवा कुठे आहे? प्रादेशिक सेनेच्या भरती मेळाव्याला मूठभर जागांसाठी हजारो तरुण लोटतात, कोल्हापूरने हे पाहिलेलं आहे. खरं आहे, पण गर्दी सैन्याइतकीच बेरोजगारीबद्दलही बोलते. रांगेतल्या अनेकांसाठी टीए हा जोडव्यवसाय नाही. मिळाली तर तीच नोकरी. म्हणून जवानाचं दुःख अधिकाऱ्याच्या नेमकं उलट असतं. चांगली नोकरी असलेल्या अधिकाऱ्याला बोलावणं लांबलं तर धास्ती वाटते. जवानाला बटालियन सेवेतून मोकळी झाली, की पगार थांबण्याची धास्ती. निवृत्तिवेतनासाठी जवानाला १५ वर्षांची सेवा लागते, आणि मोजली जातात ती प्रत्यक्ष सेवेत घेतलेली वर्षं. घरी बसून बोलावण्याची वाट पाहिलेला काळ त्यात धरत नाहीत. तो काळ त्याच्या हातात कधीच नसतो. माणसं किती आली हे मोजणारी आणि ती का गेली हे न विचारणारी व्यवस्था या दोन्ही धास्तींकडे दुर्लक्ष करते.

सैनिकाला आपण कसं वागवतो, हे तो जखमी झाल्यावर कळतं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागलेलं एक प्रकरण बोलकं आहे. नियमित सैन्यात २५ वर्षं काढलेला एक सैनिक पुन्हा प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण बटालियनमध्ये भरती झाला. रजेवर असताना अपघातात त्याचा पाय गेला. अपंगत्व निवृत्तिवेतन त्याला नाकारण्यात आलं. भरती होताना लिहून घेतलेलं हमीपत्र त्याच्यासमोर धरण्यात आलं. न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि भूषण गवई यांच्या खंडपीठाने ते मान्य केलं नाही. नोकरी हवी असलेला सैनिक आणि ती देणारं सरकार यांच्यात बरोबरीची सौदेबाजी होऊच शकत नाही, तेव्हा असा कागद त्याच्यावर लादता येणार नाही, आणि अपंगत्व निवृत्तिवेतनाचा नियम प्रादेशिक सैनिकालाही लागू आहे, असा निकाल दिला. निकाल न्यायाचा आहे. पण पाय गमावलेल्या माणसाला त्यासाठी दिल्लीपर्यंत भांडावं लागलं, हे त्या बटालियनमधल्या प्रत्येकाला ठाऊक असणार.

दुसरा आक्षेप देशप्रेमाचा. संकट आलं, की माणसं हिशोब करत नाहीत, धावून येतात, असं म्हणतात. येतात, यात शंका नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलने तीन लाखांहून अधिक राखीव सैनिकांना हाक दिली, तेव्हा बोलावणं नसलेलेही हजर झाले. पण पुढे हीच माणसं पुन्हा पुन्हा बोलावली गेली, दुकानं बंद पडू लागली, घरं थकली आणि हजेरी घटत असल्याच्या बातम्या तिथल्याच वृत्तपत्रांनी छापल्या. त्यांचं देशप्रेम आटलं असं कोण म्हणेल? देशप्रेम माणसाला पहिल्या दिवशी दारापर्यंत आणतं. तिसऱ्या वर्षी त्याच्या दुकानाचं भाडं ते भरत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: हा भार मालकाने का सोसावा? दहा माणसांच्या वर्कशॉपमधला कुशल फिटर वर्षभर गेला, तर धंदा बसू शकतो. म्हणूनच सगळं ओझं त्याच्यावर टाकणं अन्यायाचं आहे. ब्रिटनने २०१४ च्या कायद्याने लहान आणि मध्यम उद्योगांना, आपला माणूस सेवेत असेपर्यंत, महिन्याला ५०० पौंडांपर्यंत साहाय्य देण्याची सोय केली; राखीव सैनिक आहे म्हणून कुणाला काढलं, तर दाद मागण्यासाठी दोन वर्षांच्या नोकरीची अटही काढून टाकली. एवढं करूनही २०१८ पर्यंत प्रशिक्षित राखीव सैनिकांचं ठरवलेलं संख्याबळ त्यांना गाठता आलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. म्हणजे कायदा पुरेसा नाही. पण कायद्याशिवाय तर काहीच उभं राहत नाही. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्यानुसार परतलेल्या सैनिकाला नुसती जुनी जागा मिळत नाही; तो गेलाच नसता तर जिथवर पोहोचला असता, त्या पदावर आणि पगारावर त्याचा हक्क असतो. बढतीची चिंता त्यामुळे बरीच कमी होते.

आपल्या ७-अ कलमात एवढी दुरुस्ती संसदेने करावी: दंड मालकाला जाणवेल असा असावा, बढती आणि ज्येष्ठतेचं स्पष्ट संरक्षण असावं, लहान उद्योगाला सरकारने भरपाई द्यावी, आणि जवानाच्या वाट पाहण्याच्या वर्षांचा काही अंश तरी निवृत्तिवेतनात धरावा. अधिसूचनेची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ ला संपते. बोलावलेली माणसं त्यानंतर कामावर परततील, त्याआधी हे व्हायला हवं. आणि तुमच्या कारखान्यात, शाळेत किंवा दुकानात टीएचा कुणी असेल, तर यंदा त्याची कॅम्पची रजा त्याला दुसऱ्यांदा मागायला लावू नका.