पीच-बर्बन बार्बेक्यू सॉस

पीच-बर्बन बार्बेक्यू सॉस हा पीच हे फळ, टोमॅटो केचप, व्हिनेगर, गोड पदार्थ, मसाले आणि बर्बन व्हिस्की यांपासून तयार केला जाणारा दाट सॉस आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील खाद्यपरंपरेशी त्याचे नाते असून तो निखाऱ्यावर भाजलेल्या मांसास वा भाज्यांस लावतात.

पार्श्वभूमी

'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताईनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमधील 'बार्बाकोआ' या रूपाने इंग्रजीत आला, असे मानले जाते. अमेरिकेत या सॉसचे प्रांतपरत्वे भेद आढळतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात व्हिनेगर व मिरची यांचा पातळ सॉस, साउथ कॅरोलायनात मोहरीचा, तर कॅन्सस सिटीत टोमॅटोचा दाट व गोड सॉस रूढ आहे. पीच-बर्बन सॉस या शेवटच्या प्रकाराला जवळचा आहे. पीचसाठी जॉर्जिया व साउथ कॅरोलायना ही राज्ये, तर बर्बनसाठी केंटकी राज्य प्रसिद्ध आहे.

घटकांचे कार्य

पीचमुळे सॉसला गोडवा, सुगंध व दाटपणा येतो. व्हिनेगर गोडपणाला आवर घालते व आम्लता वाढवते. बर्बनसाठी वापरल्या जाणाऱ्या धान्यात किमान 51 टक्के मका असावा लागतो आणि ते आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपांत मुरवावे लागते. त्या लाकडातून व्हॅनिलासारखा व जळक्या साखरेसारखा स्वाद मद्यात उतरतो. फळांतील काही सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा मद्यार्कात अधिक सहज विरघळतात. त्यामुळे मद्य केवळ चवीपुरते नसून स्वादवाहकही ठरते.

कृती

सुमारे 500 ग्रॅम पिकलेले पीच सोलून, बिया काढून चिरतात. थोड्या तेलात एक कांदा व दोन-तीन लसूणपाकळ्या परतून पातेले आचेवरून उतरवतात आणि त्यात 120 मिलिलिटर बर्बन मोजून ओततात. मद्याची वाफ ज्वालाग्राही असल्याने पेटत्या शेगडीवर बाटलीतून थेट ओतणे धोक्याचे असते. नंतर पीच, 240 मिलिलिटर केचप, 60 मिलिलिटर व्हिनेगर, 50 ग्रॅम तपकिरी साखर, मोहरीची पूड, लाल तिखट, मिरपूड व मीठ घालून मंद आचेवर, अधूनमधून ढवळत, सुमारे 30 मिनिटे शिजवतात. निवल्यावर मिश्रण वाटून घेतात. काही कृतींत वूस्टरशायर सॉस घातला जातो. त्यात बहुधा अँकोव्ही ही मासळी असल्याने शाकाहारी व्यक्तींनी वेष्टन वाचावे.

साखरेमुळे सॉस लवकर करपतो. म्हणून तो भाजणीच्या अखेरच्या 10 ते 15 मिनिटांत लावतात.

मद्यार्काचे प्रमाण

शिजवल्यावर मद्य पूर्णपणे उडून जाते, हा समज बरोबर नाही. मद्यार्क सुमारे 78 अंश सेल्सिअसला उकळतो हे खरे. परंतु पाण्यात मिसळल्यावर तो त्या तापमानाला एकदम वेगळा होत नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यांनुसार, मिश्रणात घालून मंद आचेवर शिजवल्यास 15 मिनिटांनी सुमारे 40 टक्के, 30 मिनिटांनी 35 टक्के, एका तासाने 25 टक्के, तर अडीच तासांनी 5 टक्के मद्यार्क शिल्लक राहतो. 120 मिलिलिटर बर्बनमध्ये 40 टक्के, म्हणजे 48 मिलिलिटर मद्यार्क असतो. वरील कृतीत त्यातील सुमारे 17 मिलिलिटर सॉसमध्ये उरू शकतो. तो अनेक वाढण्यांत विभागला जात असला, तरी लहान मुले, गर्भवती स्त्रिया, व्यसनमुक्तीच्या मार्गावरील व्यक्ती आणि धर्म वा तत्त्व म्हणून मद्य वर्ज्य मानणारे यांना त्याची पूर्वकल्पना देणे आवश्यक आहे. त्यांच्यासाठी बर्बनऐवजी सफरचंदाचा रस व थोडा व्हॅनिला अर्क वापरता येतो. मात्र व्हॅनिला अर्कही बहुधा मद्यार्कयुक्त असल्याने मद्यविरहित प्रकार निवडावा लागतो.

साठवण

मद्य घातल्याने सॉस आपोआप टिकाऊ होत नाही, कारण उरलेला मद्यार्क त्यासाठी अपुरा असतो. हवाबंद बरणीत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू नयेत, यासाठी सामू 4.6 पेक्षा अधिक नसावा लागतो. पांढऱ्या गराच्या पीचचा सामू ही मर्यादा ओलांडू शकतो. त्यामुळे शास्त्रीय चाचणी न झालेल्या कृतीचा सॉस सीलबंद करून खोलीच्या तापमानाला न ठेवता शीतकपाटात ठेवून लवकर संपवावा किंवा गोठवावा. कच्च्या मांसाला लावलेल्या कुंचल्याचा स्पर्श झालेला सॉस पुन्हा बरणीत घालू नये. खाण्यासाठीचा सॉस आधीच वेगळा काढून ठेवणे इष्ट ठरते.