लोहाची गोळी आणि चहा

परवा विरार लोकलच्या महिला डब्यात समोर बसलेल्या सात महिन्यांच्या गरोदर मुलीने पर्समधून लाल गोळी काढली आणि घरून आणलेल्या चहासोबत घेतली. मी आहारतज्ज्ञ, राहवलं नाही. म्हटलं, "अगं, गोळी चहाबरोबर नको घेऊस."

चहातले टॅनिन लोह शरीरात शोषू देत नाहीत. चहा आणि गोळीत निदान तासाभराचं अंतर हवं. कॅल्शियमची गोळी आणि दूधही लोहाच्या गोळीसोबत नको, दोन तास जाऊ द्या.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. शौचाला काळं होतं, घाबरू नका. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, पण बंद करू नका.

ताटाचं म्हणाल तर आपल्या वसईत काय कमी आहे? वाडीतली ताजी पालेभाजी, त्यावर लिंबू पिळा, 'क' जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. नीट शिजवलेले बोंबील, मांदेली उत्तम. मोरी मात्र टाळा, शार्क माशात पारा जास्त असतो. संध्याकाळी भूक लागली की बिस्किटांऐवजी सुकेळी आणि मूठभर शेंगदाणे.

पालघरच्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून शेवटच्या तिमाहीत अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. ओळखीत कुणी असेल तर नक्की सांगा.

मधुमेह, थायरॉईड असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. बाकी शंका खाली विचारा.